रहाटावरचे मास्तर

आमच्या गायनाच्या मास्तरांनी तोंडावर कौतुक केलं ते एकाच विद्यार्थ्याचं, आणि तो बैल होता. पाखऱ्या त्याचं नाव. माझ्या काकाच्या वाडीत तो रहाटाला जुंपलेला असायचा. मास्तर त्याच्या मानेवर थाप मारायचे आणि म्हणायचे, "बरं लागलं हं आज." काका तेव्हा खाली मान घालून केळींना पाणी वळवत राहायचा, कारण तो हसला असता तर मास्तर छत्री उचलून चालू लागले असते.

हे मी सांगायला लागले की घरातली माणसं एकमेकांकडे बघतात. सून म्हणते, "मम्मी, पुन्हा बैल का?" हो, पुन्हा बैल. ज्याला ऐकायचं नसेल त्यानं उठावं. मी आता इतकी बोलते की आमचे हे जेवायला बसण्याआधी रेडिओ मोठा करून घेतात. पण सहा वर्षांची होईपर्यंत मी घराबाहेर एक शब्द बोलले नव्हते, हे कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही. पाहुणा दिसला की मी भाताच्या कणगीमागे. चर्चमध्ये प्रार्थना सुरू झाली की माझे ओठ चिकटलेले. शेजारणी आयेला विचारायच्या, "पोर मुकी हाय का गो?" आय फणकारायची, "घरात येऊन बस घटकाभर, कान किटतील तुझे."

तेव्हा स्वातंत्र्य मिळून दोन-चार वर्षं झाली होती, धान्य रेशनवर होतं आणि आमच्या सांडोर गावात वीज यायची होती. मास्तर चर्चमागच्या एका खोलीत एकटेच राहायचे. फिडल वाजवणं आणि पोरांना गीतं शिकवणं हे त्यांचं काम. त्याबद्दल चर्चकडून त्यांना ती खोली आणि पोटापुरतं धान्य मिळायचं. उंच माणूस, खांदे पडलेले, अंगावर बारा महिने काळा कोट. कोटावर केळीच्या चिकाचे डाग होते. चिकाचा डाग मेला तरी जात नाही, तरी मास्तर दर शनिवारी तो कोट बावखलावर धुवायचे आणि तेच डाग घेऊन परत यायचे. बावखल म्हणजे आमच्या वाड्यांमधलं तळं.

फिडलवर त्यांचा हात असा होता की लग्नात नवरी निघताना ते वाजवायला लागले की नवऱ्याकडची माणसंही रडायची. गिरीजपासून आगाशीपर्यंत लोक त्यांना लग्नाला बोलवायचे. तारीख त्यांना विचारून ठरवणारी घरं मला माहीत आहेत. एवढ्या एका गोष्टीचा त्यांना गर्व होता आणि तो ते लपवायचे नाहीत. कुणी "मास्तर, सुंदर वाजवलंत" म्हटलं तर म्हणायचे, "हो, मी ऐकलं."

पण शिकवायला त्यांना फक्त लाजरी पोरं लागायची. एकदा एक बागायतदार आपल्या मुलाला घेऊन आला. मुलगा इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. कुणी न सांगता त्यानं ओळीनं तीन गीतं म्हटली, हातवारे करून. मास्तरांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं, त्याला एक केळं दिलं आणि बापाला म्हणाले, "घेऊन जा. याला काही झालेलं नाही." डॉक्टरनं परत पाठवावं तसं त्याला परत पाठवलं. बाप वर्षभर मास्तरांशी बोलत नव्हता.

त्यांचं म्हणणं असं की आवाज सगळ्यांनाच असतो. काहींचा घरात बसून राहतो, आणि हाक मारली की आणखी आत जातो. म्हणून ते आम्हाला हाक मारायचे नाहीत. नावसुद्धा विचारायचे नाहीत. नाव विचारलं की लाजरं पोर संपलं, असं म्हणायचे. त्याऐवजी जे पोर जिथं लपायचं ते त्याचं नाव. मी कणगी. एक मुलगा होता तो टेबल. एक दार, एक पदर, आणि दोन बहिणी होत्या त्या दोघी मिळून खाट. आम्ही सहा जण. रस्त्यात माझ्या आयेला भेटले की मास्तर गंभीरपणे विचारायचे, "कणगीचा खोकला गेला का?" ऐकणारा नवखा असेल तर थबकून बघायचा.

सुरुवातीला ते आम्हाला खोलीतच शिकवायचे. आमच्या आणि त्यांच्या मध्ये उघडी छत्री. छत्रीपलीकडून ते एक सूर वाजवायचे आणि वाट बघायचे. आम्ही अलीकडे बसून छत्रीच्या काड्या मोजायचो. तास संपला की ते छत्री मिटायचे, म्हणायचे, "झालं आजचं," आणि आम्ही घरी. असं वर्ष गेलं. वर्षभरात त्या खोलीत एक सूर कुणी लावला असेल तर शपथ.

रहाटाचा शोध त्यांना लागला तो माझ्यामुळं, आणि हे मी मोठेपणा म्हणून सांगते. काकाच्या वाडीत रहाट चालू असला की मी त्याच्या पलीकडे, जास्वंदीच्या झुडपाआड बसून गायची. रहाटाचा लाकडी कणा सुकलेला, त्यामुळं बैल फिरला की कुर्रर्र... कीं असा आवाज अर्ध्या सांडोरला जायचा. त्या आवाजात मी काहीही म्हटलं तरी मलासुद्धा ऐकू यायचं नाही. म्हणून मी मोठ्यानं म्हणायची. एक दिवस मास्तर केळी घ्यायला वाडीत आले आणि पाय रोवून उभेच राहिले. काका म्हणाला, "काय झालं मास्तर, काटा?"

"तुझा रहाट दोन सुरांत वाजतो," मास्तर म्हणाले.

"तेल घालायला झालंय."

"खबरदार," मास्तर म्हणाले.

त्यांनी झुडपाकडे पाहिलं नाही. सरळ बैलाकडे गेले, त्याच्या मानेवर थाप मारली आणि म्हणाले, "बरं लागलं हं आज." मी झुडपामागे बसून ते ऐकलं. मला कळलं की ते मलाच म्हणालेत, आणि हेही कळलं की मला ते कळल्याचं कुणाला कळलेलं नाही. एवढं सुख मला पुढं लग्नातसुद्धा झालं नाही, आणि हे आमच्या ह्यांना माहीत आहे.

दुसऱ्या दिवसापासून आमचा वर्ग रहाटावर. मास्तर बैलामागून गोल गोल चालत फिडल वाजवायचे आणि आम्ही सहा जण झुडपाआड बसून म्हणायचो. बैल चालत असेपर्यंत गाणं. बैल थांबला की आम्ही शब्दाच्या मधेच गप्प. कुणाचा सूर चढला की मास्तर बैलाला ओरडायचे, "पाखऱ्या, वर गेलास. उतर खाली." आम्ही खाली उतरायचो. चांगलं झालं की थाप बैलाला. एकदा मास्तरांनी रागावून पाखऱ्याला कोपऱ्यात उभं केलं. वाडीला कोपरा कुठला असतो, पण त्यांनी शोधून काढला. काका तक्रार करायचा की बैल शेफारलाय, थाप मिळाल्याशिवाय फेरा घेत नाही. केळींना मात्र त्या वर्षी एवढं पाणी मिळालं की घड उचलायला दोन माणसं लागायची, म्हणून तो जास्त बोलायचा नाही.

बोलायची ती काकी. दुपारी तिला झोप लागायची नाही. एक दिवस तिनं कुणाला न विचारता रहाटाच्या कण्यात वाटीभर करंजेल ओतलं. आम्ही नेहमीप्रमाणे बसलो, बैल निघाला, आम्ही सुरू केलं, आणि रहाट गुपचूप फिरायला लागला. आमची सहा गळ्यांची गाणी सगळ्या वाडीत उघडी पडली. अशी शांतता मी पुन्हा ऐकली नाही. दोघी खाट एकमेकींच्या झग्यात तोंड खुपसून बसल्या. टेबल जांभळीवर चढला आणि जेवायच्या वेळेपर्यंत उतरला नाही. मास्तर काकीला एका शब्दानं बोलले नाहीत. कोट काढून ठेवला, चुलीतली राख मागून आणली आणि दिवसभर तो कणा राखेनं घासून कोरडा करत बसले. संध्याकाळी रहाट पुन्हा कुर्रर्र करून ओरडला तेव्हा काकीच म्हणाली, "झालं बाई एकदाचं." बिचारी बिथरली होती.

मग नवे फादर आले. तरुण, चष्मा लावणारे, शिस्तीचे. आमच्या भागातले नव्हते. चर्चच्या धान्यातून कुणाला किती जातं याची त्यांनी चौकशी केली आणि मास्तरांना चर्चमध्ये बोलावून घेतलं. तिथं माझी आय वेदीची फुलं बदलत होती, म्हणून हे सगळं आम्हाला शब्दशः कळलं.

फादर म्हणाले, "दोन वर्षं तुम्ही या मुलांना शिकवताय. गावात एकानंही त्यांचा आवाज ऐकलेला नाही."

"मी ऐकलाय."

"सणाला बिशपसाहेब येणार आहेत. ही सहा मुलं वेदीच्या पायरीवर उभी राहून मरियमातेचं गीत म्हणतील. सगळ्यांसमोर. म्हटलं तर तुम्ही राहाल. नाही म्हटलं तर खोली रिकामी करायची, मी दुसरा मास्तर आणतोय."

मास्तरांनी विचार केला. "वरच्या सज्जातून म्हटलं तर?"

"पायरीवर."

"मग रहाट आत घ्यावा लागेल."

फादरनी चष्मा काढून पुसला. "चर्चमध्ये रहाट येणार नाही."

"निदान बैल तरी."

"बैल?"

"प्रभूच्या जन्माला गव्हाणीत बैल होताच की, फादर."

"तो नाताळ होता," फादर म्हणाले आणि आत निघून गेले.

मास्तरांना त्या खोलीखेरीज दुसरं घर नव्हतं. एक बहीण होती आगाशीला, तिच्या घरात आधीच माणसांवर माणसं. हे आमच्या घरी रोज बोललं जायचं, आणि आम्ही पोरं ऐकायचो. आमची तोंडं उघडली नाहीत तर मास्तर जाणार, एवढं मला स्वच्छ समजलं होतं. रात्री मी उशीत तोंड घालून देवाला सांगायची की मला एक दिवस आवाज दे, मग पाहिजे तर परत घे.

सणाच्या दिवशी आम्हाला खळ घातलेले पांढरे कपडे घालून पायरीवर उभं केलं. समोर अख्खं गाव. लाल लुगड्यांतल्या बायका, कोट घातलेले पुरुष, आणि मधल्या खुर्चीत बिशपसाहेब. मास्तरांनी फिडल खांद्याला लावलं आणि सुरुवातीची ओळ वाजवली. इतकं गोड वाजवलं त्यांनी की मागं एक म्हातारी नाक पुसायला लागली. आम्ही गप्प. त्यांनी पुन्हा वाजवलं. पुन्हा गप्प. पदरला पायरीवर लपायला पदर सापडत नव्हता, तो स्वतःच्याच सदऱ्यात डोकं घालायला लागला. फादर हाताची घडी घालून उभे होते.

तेव्हा मास्तरांनी आमच्याकडे एकदा पाहिलं, डोळे मिटले, फिडलचा गज तारांखालच्या घोडीजवळ नेऊन दाबला आणि रहाट वाजवला.

कुर्रर्र... कीं. कुर्रर्र... कीं. हुबेहूब, त्या कोरड्या कण्यासकट. सगळं गाव दचकलं. बिशपसाहेबांचा हात कानाकडे गेला. मागून कुणीतरी म्हणालं, "मास्तरला झटका आला." पोरं फिदीफिदी हसायला लागली, मोठी माणसंही. आणि आम्ही गायलो. पहिल्या शब्दापासून शेवटापर्यंत, सहाच्या सहा, न चुकता. पण त्या करकरीत आमचं गाणं ऐकू कुणाला जाणार? लोकांना दिसलं ते एवढंच की सहा पोरं तोंड हलवताहेत आणि ज्या माणसाच्या फिडलनं अख्खं वऱ्हाड रडायचं, तो बिशपसमोर दात शिवशिवतील असं काहीतरी कर्कश वाजवतोय.

फादर संध्याकाळी खोलीच्या दारात गेले; आय तेव्हा मास्तरांना जेवण द्यायला तिथं गेली होती. "रविवारपर्यंत," एवढंच म्हणाले.

"पोरं गायली, फादर."

"मी ऐकलं नाही."

"मी ऐकलं," मास्तर म्हणाले. पण या वेळी त्यात गर्व नव्हता, असं आय म्हणाली.

हात गेला, मास्तरांचा हात गेला, असं गावभर झालं. दोन लग्नवाल्यांनी दुसरा फिडलवाला ठरवला. मास्तरांनी कुणाला काही सांगितलं नाही. खरं तर त्यांनी एका वाक्यात सांगितलं असतं तर लोकांना कळलं असतं. पण मग आमची गोष्ट चावडीवर आली असती, आणि ते त्यांना चालणार नव्हतं. मला आजही त्यांचा राग येतो. इतकं कशाला जपायचं दुसऱ्याच्या पोरांना?

रविवारी प्रार्थना आटोपल्यावर पाचूबंदरचा एक गाडीवाला बैलगाडी घेऊन आला. एरवी तो मासळी वाहायचा; गाडीला सुक्या बोंबलांचा वास होता. मास्तरांची एक ट्रंक, एक पथारी आणि फिडलची पेटी, संपलं सामान. आयांनी आम्हाला सणाचेच पांढरे कपडे घालून निरोप द्यायला नेलं. आम्ही सहा जण रस्त्याकडेच्या क्रुसापाशी उभे राहिलो आणि निरोप काही दिला नाही. मास्तरही आमच्याकडे न बघता गाडीत मागं तोंड करून बसले. गाडीवाल्यानं बैलांना हाकलं. खाऱ्या पाण्यानं त्या गाडीचा आस पार सुकला होता. चाक फिरलं आणि ओरडलं. कुर्रर्र... कीं.

कुणी ठरवलं नव्हतं. दारनं पहिली ओळ उचलली, आणि मग आम्ही सगळ्यांनी. गाडी पुढं जायला लागली तसे आम्ही मागून चालायला लागलो, गात. चाक फिडलएवढं जवळ नव्हतं, मोकळ्या रस्त्यावर होतं. आमचं गाणं वर राहिलं. बायका कुंपणाशी आल्या. काका खांद्यावर फावडं घेऊन आला. माझी आय रस्त्यातच मटकन बसली. गाडी फादरच्या बंगल्यावरून जाताना फादर धावत बाहेर आले आणि त्यांनी हात वर केला. गाडी थांबली. आम्ही थांबलो.

"कोण गात होतं?" फादर म्हणाले.

आम्ही जमिनीकडे बघत होतो. गाडीवाला म्हणाला, "चाक हाय फादर. पानी लागून लागून सुकलंय."

फादरनी हात खाली केला. गाडी निघाली, आम्ही निघालो. फादरनी हात वर केला. सगळं बंद. असं त्यांनी चार-पाच वेळा करून पाहिलं. मग ते झग्याचा घोळ उचलून आमच्या मागून चालायला लागले. त्यांच्यामागून गाव. सांडोरची शेवटची वाडी मागं पडली, पुढच्या गावाचा क्रूस दिसायला लागला. गाडीवाला मान वळवून म्हणाला, "फादर, कवर यायचं हाय तुम्हाला? थांबू?"

"थांबू नको," फादर घाईनं म्हणाले. "वळव."

"कुठं?"

"घरी. मास्तरांच्या घरी. पण थांबू नको."

रस्ता अरुंद. गाडी वळवायला शेतात घालावी लागली, आणि आम्ही पांढऱ्या कपड्यांत चिखलातून गात गेलो. मास्तर गाडीत बसून होते, गुडघ्यांवर फिडलची पेटी, आणि डोळ्यांतून पाणी चाललं होतं; ते पुसायला त्यांनी हात उचलला नाही. गाडी चर्चला वळसा घालून खोलीच्या दारात आली. गाडीवाल्यानं कासरा ओढला. चाक थांबलं. आम्ही शब्दाच्या मधेच थांबलो.

पण गाणं थांबलं नाही. एक आवाज राहिला होता. जाड, घोगरा, पार बेसूर. तो आणखी अर्धी ओळ तसाच एकटा पुढं गेला आणि मग घाबरून बंद पडला.

फादर होते ते. चाकाच्या आवाजात, कुणाला कळणार नाही म्हणून, तेही मागून म्हणत आले होते. फादरना गाताना आम्ही कधी ऐकलं नव्हतं. मोठ्या मिस्सालासुद्धा, म्हणजे सणाच्या मोठ्या प्रार्थनेला, जे गाऊन म्हणायचं तेही घसा बसलाय म्हणून ते नुसतं बोलून काढायचे. आता अख्खं गाव त्यांच्याकडे बघत होतं आणि त्यांचे कान लाल झाले होते. त्यांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. लपायला काही नव्हतं. ते तसं बघणं माझ्या ओळखीचं होतं. एवढा मोठा, चष्मा लावलेला, शिस्तीचा माणूस आतून माझ्यासारखाच आहे, हे मला त्या क्षणी कळलं आणि त्यांची मला इतकी माया आली की रडूच फुटलं.

मास्तर गाडीतून उतरले. फादरनी ट्रंकेची एक कडी धरली, दुसरी मास्तरांनी धरली, आणि दोघं ती आत घेऊन गेले.

सोमवारी बैल जुंपला, रहाट ओरडायला लागला, आम्ही झुडपाआड बसलो. थोड्या वेळानं बावखलाच्या काठानं फादर येताना दिसले. झगा चिखलातून वर धरलेला, मान खाली. कुणाकडे पाहिलं नाही. झुडपापाशी येऊन उभे राहिले. मी सरकले आणि त्यांना बसायला जागा दिली.